शुक्रवारचा निवाडा

10 जुलै 2015 पासून जगातले बहुतेक नवे अल्बम शुक्रवारी बाहेर पडतात. त्याआधी अमेरिकेत मंगळवार होता, ब्रिटनमध्ये सोमवार. एका देशात आलेली ध्वनिमुद्रिका दुसऱ्या देशात चोरून पोचू नये म्हणून कंपन्यांनी सगळीकडे एकच वार ठरवला. त्यामुळे गाण्यांबरोबर मतांचाही वार ठरून गेला. हौशी आणि जाणता श्रोता शुक्रवारी सकाळी मेटलचा अल्बम ऐकतो, दुपारी रॅप, संध्याकाळी कंट्री आणि रात्री एखाद्या पियानोवादकाची ध्वनिमुद्रिका. रविवारपर्यंत चारही अल्बमांवर त्याचं मत तयार असतं आणि मताला पुष्कळदा आकडाही जोडलेला असतो, दहापैकी सात किंवा साडेआठ. अशा श्रोत्याची थट्टा करणं सोपं आहे आणि एकेका संगीतप्रकारात आयुष्य घालवलेली माणसं ती आनंदाने करतात. पण त्याच्या उद्योगात एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. चार वेगवेगळ्या जातकुळीच्या कलाकृतींवर एकच माणूस निवाडा देतो, तेव्हा तो स्वतःला झालेल्या सुखाची बातमी देत असतो की त्या कलाकृतींबद्दल काही खरं सांगत असतो? बातमीच देत असेल तर वाद कसला? खरं सांगत असेल तर ते सांगण्याचा अधिकार त्याला कुठून मिळाला? माझं म्हणणं असं की तो अधिकार त्याला मिळू शकतो. परका संगीतप्रकार त्याच्या आड येत नाही. आड येतं ते त्याचं स्वतःचं सुख.

आवड ज्याची त्याची, हे उत्तर पहिल्यांदा सुचतं आणि सभ्यही वाटतं. पण ते देणारी माणसंच ते पाळत नाहीत. कोथिंबिरीची चव एखाद्याला आवडत नसेल तर आपण त्याच्याशी भांडत नाही. पण माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू'ला कुणी कंटाळवाणं म्हटलं की त्याने नीट ऐकलं नाही असं आपल्याला वाटतं. कांटने 1790 च्या आपल्या ग्रंथात हाच फरक दाखवला. सुखद लागणं ही प्रत्येकाची खाजगी बाब. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हणणारा माणूस इतरांकडून सहमतीची अपेक्षा ठेवतो, मग ती प्रत्यक्षात मिळो न मिळो. कांटच्या आधी, 1757 मध्ये, ह्यूमने याच प्रश्नासाठी 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट वापरली होती. सँचोच्या दोन नातलगांना पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो वाइन उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, लोखंडाची. सगळे दोघांना हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामडी वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. ह्यूमला त्यातून सूक्ष्म रुचीचं समर्थन करायचं होतं. मला त्या गोष्टीतली किल्ली अधिक महत्त्वाची वाटते. मत हे निव्वळ आवडीच्या वर कधी जातं? ते ज्याच्या आधारे बनलं तो अंश कलाकृतीतच दाखवता येतो, तेव्हा. अमुक कडव्यानंतर ताल ढिला पडतो, वाद्यमेळ आवाजाला झाकून टाकतो, रॅपरचा श्वास ओळीच्या मध्ये तुटतो आणि तो मुद्दाम तोडलेला आहे, असं बोट ठेवून सांगितलं की दुसऱ्याला ते तपासता येतं. 'भारी आहे' किंवा 'बकवास आहे' यात तपासण्यासारखं काहीच नसतं, आणि शुक्रवारच्या मतांपैकी बरीचशी याच जातीची असतात हे कबूल करायला हवं.

किल्ली दाखवता आली तरी ती शोधायची कशी, हा प्रश्न उरतोच, कारण प्रत्येक संगीतप्रकाराची किल्ली वेगळी असते. इथे भरतमुनींनी केलेली व्यवस्था आजही आश्चर्य वाटावं इतकी समंजस आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या यशापयशाचा विचार येतो. नटांमध्ये स्पर्धा किंवा वाद उभा राहिला तर निवाड्यासाठी 'प्राश्निक' बोलवावेत असं तिथे सांगितलं आहे. हे प्राश्निक कोण? यज्ञविधी जाणणारा, नर्तक, छंदशास्त्रज्ञ, व्याकरणी, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गवई, राजा आणि राजाचा सेवक. शस्त्र धरताना शरीराची ठेवण बरोबर आहे का, हे धनुर्धराला विचारायचं; वेशभूषा चित्रकाराला, शृंगारातली वागणूक गणिकेला, गाणं गवयाला. व्याकरणी पंडिताच्या शेजारी गणिकेला आणि राजाच्या शेजारी त्याच्या नोकराला निवाड्याचं आसन देणारा हा ग्रंथ रुचीची लोकशाही मानणारा नाही. पण ज्याला जे ठाऊक त्याला त्यापुरतं विचारावं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. याच अध्यायात माणसांच्या आवडी वयाप्रमाणे आणि स्वभावाप्रमाणे वेगळ्या असतात हेही मान्य केलेलं आहे: तरुणांना शृंगार, विरक्तांना मोक्षाची चर्चा, शूरांना युद्ध, वृद्धांना पुराणकथा. प्रेक्षकाचे सगळे गुण एकाच माणसात सापडत नाहीत, हेही भरत सरळ सांगतो. तरीसुद्धा तो तज्ज्ञांपाशी थांबत नाही. जो पात्राच्या आनंदाने आनंदित होतो आणि त्याच्या शोकाने शोक करतो तो प्रेक्षक, अशी दुसरी, साधी कसोटीही तो देतो. म्हणजे निवाड्याला दोन माणसं लागतात, एक त्या अंगाचा जाणकार आणि दुसरा प्रयोगाच्या स्वाधीन होऊ शकणारा. सगळे प्रकार ऐकणारा आजचा श्रोता पहिला होऊ शकत नाही. दुसरा मात्र होऊ शकतो, आणि पहिल्याकडून शिकण्याची तयारी असेल तर त्याचं मत पोकळ राहत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप मराठीतूनच येतो. इतके प्राश्निक कशाला, सगळ्या कलांना लागू पडणारी एकच कसोटी का नसावी? मर्ढेकरांनी ती मांडली होती. 1955 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये त्यांनी सौंदर्याचा उलगडा लयतत्त्वाने केला: संवाद, विरोध आणि समतोल. ही तत्त्वं चित्रालाही लागू, कवितेलाही, गाण्यालाही. मग मेटलचा अल्बम आणि ख्यालाची ध्वनिमुद्रिका एकाच तराजूत का तोलू नये? हा मोह मोठा आहे, कारण तो आपल्या श्रोत्याच्या आकड्यांना तात्त्विक आधार देतो. पण तत्त्व एक असलं तरी ते प्रत्यक्षात कुठे उतरतं हे प्रत्येक प्रकारात निराळं असतं. ख्यालात विरोध उभा राहतो तो स्वर आणि ताल यांच्या ओढाताणीत. समेवर येताना तो मिटतो आणि ऐकणाऱ्याचा हात आपोआप उठतो. टेक्नोमध्ये ठोका मिनिटानुमिनिटं तोच राहतो. तिथे विरोध स्वरांमध्ये शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही, कारण बदल ध्वनीच्या पोतात घडतो. एखादी वारंवारता हळूहळू मोकळी केली जाते आणि पाच मिनिटांपूर्वीचा तोच ठोका आता वेगळा ऐकू येतो. मर्ढेकरांची तत्त्वं दोन्हीकडे लागू पडतात असं म्हणता येईल, पण ती लावण्याआधी कान कुठे ठेवायचा हे ठाऊक हवं, आणि ते तत्त्वांमधून कळत नाही.

ते ठाऊक नसलं की काय होतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे थिओडोर अडोर्नो. कान कच्चा म्हणावा तर हा माणूस आल्बान बेर्गकडे संगीतरचना शिकलेला. बुद्धी तर विसाव्या शतकातल्या मोजक्यांपैकी. त्याने 1936 मध्ये जाझवर आणि 1941 मध्ये लोकप्रिय संगीतावर लिहिलं, आणि दोन्हीकडे निष्कर्ष एकच काढला: हे संगीत साच्यातलं आहे, त्यात तपशिलाचा पूर्ण रचनेशी संबंध नसतो, एक भाग काढून दुसरा बसवला तरी बिघडत नाही. बेथोव्हेनच्या सोनाटात एखादं छोटं बीज वाढत जाऊन पूर्ण रचना उभी करतं, आणि अडोर्नो तेच जाझमध्ये शोधत होता. बत्तीस तालखंडांचा आराखडा तोच राहतो, म्हणून त्याने साचा पाहिला. त्या न बदलणाऱ्या आराखड्यावर वादक दर फेरीला काय नवीन करतो, याकडे त्याचा कान गेलाच नाही. एकच बंदिश आयुष्यभर गाणाऱ्या गवयाला कुणी साचेबंद म्हणावं, तशीच ही चूक आहे. अडोर्नोचं व्यापारी संगीताच्या कारखान्याबद्दलचं निरीक्षण मात्र खोटं नाही, आणि आजच्या काही यशस्वी अल्बमांना ते चपखल बसतं. फक्त जाझवर त्याने दिलेला निवाडा जाझबद्दल काही सांगत नाही. तो सोनाटाबद्दलच बरंच सांगतो.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. मग प्रत्येक प्रकाराचा निवाडा त्या प्रकारातल्याच माणसांवर सोडावा आणि बाहेरच्याने तोंड मिटून ऐकावं. यात नम्रता दिसते, पण घरातली माणसंही निःपक्ष नसतात. वामनराव देशपांडे यांच्या 1961 च्या 'घरंदाज गायकी'सारखं पुस्तक आपल्या संगीतसमीक्षेत विरळा. स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये त्यांनी घराण्यांच्या जागा ठरवल्या आणि गायकींमधले फरक प्रथमच अशा युक्तिवादाच्या भाषेत मांडले. त्यांच्या मांडणीत स्वर-लयीचा आदर्श समतोल सापडतो तो जयपूर घराण्यात, आणि देशपांडे स्वतः मोगूबाई कुर्डीकरांचे शिष्य होते. म्हणून त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही. पण घरचा माणूस आपल्या घराला मध्यावर ठेवतो एवढी सावधगिरी वाचकाने ठेवायला हरकत नाही. संस्थांच्या बाबतीत हे आणखी उघड दिसतं. 1965 मध्ये पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टन यांच्या कारकिर्दीचा खास गौरव करावा अशी शिफारस केली आणि वरच्या मंडळाने ती फेटाळली. जाझला ते पारितोषिक मिळायला 1997 उजाडलं, विंटन मार्सालिसच्या 'ब्लड ऑन द फील्ड्स'च्या रूपाने. 2018 मध्ये केंड्रिक लामारच्या 'डॅम' या रॅप अल्बमला ते मिळालं; अभिजात आणि जाझ यांच्या बाहेरची ती पहिलीच रचना. बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' 2024 मध्ये आला तेव्हा नॅशव्हिलच्या कंट्री संगीत संघटनेच्या पुरस्कारांत त्याला एकही नामांकन नव्हतं. फेब्रुवारी 2025 मध्ये ग्रॅमीने त्यालाच सर्वोत्तम कंट्री अल्बम आणि वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं. यातलं कोण बरोबर हा स्वतंत्र वाद. पण कंट्री म्हणजे काय हे फक्त घरातल्यांनी ठरवायचं म्हटलं, तर ज्या कृष्णवर्णीय वादकांचा बँजो त्या घराच्या पायात आहे त्यांच्या वारसांना दारातच उभं राहावं लागतं.

तेव्हा बाहेरचा श्रोता अपात्र नाही. तो अपात्र होतो ते वेगळ्या कारणाने, आणि ते कारण काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी नेमकं पकडलं होतं. 'अभिनवभारती'त तो रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं मोजतो. त्यांतलं एक म्हणजे अनुभव माझाच किंवा त्याचाच, अमुक जागी अमुक वेळचाच, असा मर्यादित होणं. आणि आणखी एक म्हणजे निजसुखादिविवशीभाव, स्वतःच्या सुखदुःखाने विवश होऊन जाणं. ज्याचं मन आपल्याच सुखदुःखात बुडालेलं आहे त्याला समोरचा प्रयोग दिसत नाही. गंमत अशी की या विघ्नावर अभिनवगुप्त जे उपाय सांगतो त्यात वाद्यं आणि गाणं येतात. रंगभूमीवरचं संगीत प्रेक्षकाला त्याच्या संसारातून सोडवतं, असं त्याचं म्हणणं. आजच्या चाहत्याच्या बाबतीत मात्र औषधच आजार होऊन बसलं आहे. आवडत्या गायकाचा अल्बम त्याला स्वतःच्या महाविद्यालयीन दिवसांची आठवण करून देतो, म्हणून तो अल्बम थोर. नावडत्या गायकाचे चाहते त्याला खटकतात, म्हणून त्याचा अल्बम फुसका. ऐकवणारी यंत्रणाही हेच विघ्न वाढवते. आधी काय आवडलं त्यावरून पुढचं गाणं सुचवणारा हिशोब श्रोत्याला त्याच्याच सुखात गोल फिरवत ठेवतो, आणि शेकडो वेगवेगळे अल्बम ऐकूनही तो एकच गोष्ट ऐकत असल्याची शक्यता उरते. सगळे प्रकार ऐकण्याचा अभिमान मिरवणाऱ्याने हे विशेष तपासावं. मेटल, रॅप आणि कंट्री या तिन्हींमध्ये त्याला फक्त उदास पुरुषी आवाजच आवडत असेल, तर त्याचे प्रकार तीन असले तरी आवड एकच आहे.

नवेपणाने हा गुंता वाढतो. जुनं म्हणून चांगलं नसतं आणि नवं म्हणून वाईट नसतं, शहाणे पारखून घेतात, हे 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत कालिदासाने सूत्रधाराकडून वदवलं, कारण तेव्हा तोही नवाच होता. पण पारखायला वेळ लागतो आणि शुक्रवार तो देत नाही. 'लेड झेपलिन' या पहिल्या अल्बमाची 1969 मध्ये 'रोलिंग स्टोन'ने केलेली हेटाळणी प्रसिद्ध आहे. डाफ्ट पंकच्या 2001 च्या 'डिस्कव्हरी'ला पिचफोर्क या समीक्षा-प्रकाशनाने आधी दहापैकी 6.4 गुण दिले होते. 2021 मध्ये त्यांनी काही जुन्या अल्बमांचे गुण नव्याने ठरवले तेव्हा त्याच 'डिस्कव्हरी'ला पूर्ण दहा मिळाले. हे पाहून काही जण म्हणतात, बघा, समीक्षा म्हणजे वाऱ्यावरची वरात. मला उलट वाटतं. वीस वर्षांत ध्वनिमुद्रिकेतली एक मात्राही बदलली नव्हती. यंत्रातून काढलेला तो मानवी आवाज आणि डिस्कोचा तो उघड गोडवा 2001 मध्ये उथळ चमक वाटू शकत होता. पुढच्या दोन दशकांतलं पॉप ऐकल्यावर तीच गोष्ट विचारपूर्वक केलेली रचना म्हणून ऐकू येऊ लागली. आधीचं मत चुकलं होतं असं म्हणता येतं, याचाच अर्थ चुकण्यासारखं काहीतरी तिथे होतं. आवडीची निव्वळ बातमी कधी चुकत नाही. दोष आकड्याचा होता: 6.4 या संख्येत दशांशाची जी ऐट आहे तेवढी खात्री पहिल्या ऐकण्यात कुणालाच नसते, आणि मेटलच्या 6.4 ला रॅपच्या 6.4 शेजारी ठेवलं की त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

तिसरा आक्षेप समाजशास्त्रातून येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पिएर बूर्द्यूने 1979 च्या 'डिस्टिंक्शन'मध्ये फ्रान्समधल्या पाहण्यांच्या आधारे दाखवलं की कोणाला बाखची 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हिए' आवडते, कोणाला 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' आणि कोणाला 'ब्लू डॅन्यूब', हे त्यांच्या शिक्षणाशी आणि वर्गाशी घट्ट बांधलेलं असतं. महाराष्ट्रात वर्गाच्या जोडीला जात घालावी लागते. वामनदादा कर्डकांची भीमगीतं, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटच्या काळात घराघरांत पोचले. मैफलींवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या मराठी संगीतसमीक्षेने त्यांची दखल फारच थोडी घेतली. म्हणून निवाडा म्हणजे शेवटी आपल्या समाजातल्या जागेचं प्रदर्शन, असा निष्कर्ष काढायचा का? बूर्द्यूने रुची येते कुठून ते सांगितलं; ती बरोबर की चूक याचं उत्तर त्यातून निघत नाही. आणि भीमगीतांकडे दुर्लक्ष करण्यात समीक्षकांचं चुकलं, हे वाक्य आपल्याला म्हणायचं असेल, तर त्या गाण्यांत ऐकण्यासारखं काही होतं असं मानावंच लागतं: सभेतल्या हजारो माणसांपर्यंत पोचेल अशी शब्दांची फेक, कोरसाच्या उत्तरासाठी मोकळी ठेवलेली जागा, युक्तिवाद कडव्यागणिक चढवत नेण्याची रीत. वर्गाने आणि जातीने कान बंद केले होते, ही तक्रार करणारा माणूस निवाड्याकडेच दाद मागत असतो. अशोक रानडे यांनी लोकसंगीत, भक्तिसंगीत, कलासंगीत, जनसंगीत अशा कोटी वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीचं प्रयोजन व निकष वेगळे मानले, तेव्हा त्यांनी मला वाटतं भरताच्या प्राश्निकांना नवी आसनं दिली.

भक्तिसंगीत मात्र या सगळ्या मांडणीची खरी परीक्षा घेतं. प्रार्थनेला गुण कसे द्यायचे? वारकऱ्यांच्या भजनात गाणारा आणि ऐकणारा असे दोन पक्ष उरतच नाहीत. टाळ सगळ्यांच्याच हातात असतात. तोच अभंग भीमसेन जोशींनी 'अभंगवाणी'तून मंचावर आणला तेव्हा समोर श्रोता आला, श्रोता आला म्हणजे दाद आली, आणि दादेच्या मागोमाग तुलना. श्रद्धावान म्हणेल, ज्याचा विठ्ठलावर विश्वास नाही त्याने त्या तानेचं कौतुक करावं, अभंगाबद्दल बोलू नये. जॉन कोलट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' इथे आठवतो. डिसेंबर 1964 मध्ये मुद्रित झालेल्या या चार भागांच्या रचनेच्या शेवटच्या भागात सॅक्सोफोनवर जे स्वर येतात ते आवेष्टनावर छापलेल्या कोलट्रेनच्याच प्रार्थनेचे शब्द अक्षरागणिक उच्चारतात. हे ठाऊक नसलेल्याला तो भाग विस्कळीत वाटेल. ठाऊक झाल्यावर नास्तिकालाही वाक्यांचे विराम, श्वास आणि आवाज उचलणं ऐकू येतं. त्याला देव मानावा लागत नाही. समोरचा माणूस देवाशी बोलतो आहे एवढं मानावं लागतं. सहृदयतेला श्रद्धेची अट नाही, पण श्रद्धेची माहिती आणि तिच्याबद्दलचा आदर यांची नक्की आहे.

ॲलिस कोलट्रेन यांच्या ध्वनिमुद्रिकांनी हा प्रश्न आणखी टोकाला नेला. डेट्रॉइटच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत वाढलेल्या आणि पुढे जाझमध्ये नाव मिळवलेल्या ॲलिस पती जॉन यांच्या मृत्यूनंतर वेदान्ताकडे वळल्या, तुरीयसंगीतानंदा झाल्या आणि कॅलिफोर्नियातल्या आश्रमात भजनं गाऊ लागल्या. 1982 ची 'तुरीया सिंग्ज' ही कॅसेट बाजारासाठी नव्हतीच, ती साधकांसाठी होती. 2017 मध्ये आश्रमातल्या त्या काळच्या मुद्रणांचा संग्रह निघाला आणि जगभरच्या श्रोत्यांनी तो नव्या अल्बमासारखा ऐकला, जाझवाल्यांनी, इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चाहत्यांनी, ज्यांनी आयुष्यात भजन ऐकलं नव्हतं त्यांनीही. मराठी कानाला तिथे पहिल्यांदा अडखळायला होतं. उच्चार परके आहेत, रागाची शिस्त नाही, नामाखाली गॉस्पेलच्या स्वरसंगती सरकत राहतात. भजन म्हणून हे चुकलं आहे असं म्हणणं अडोर्नोच्या वाटेने जाणं झालं. आणि शांत वाटतं म्हणून छान आहे असं म्हणणारा पाश्चात्त्य चाहता निजसुखाच्या विघ्नात पुरता अडकलेला आहे. त्याला झोप लागायला मदत झाली एवढंच तो सांगतो. 2021 मध्ये त्यांचे पुत्र रवी कोलट्रेन यांनी त्याच मुद्रणाचं दुसरं रूप प्रकाशित केलं, त्यात सिंथेसायझर आणि तंतुवाद्यं काढून फक्त आवाज आणि ऑर्गन ठेवले. बहुतेकांना हे दुसरं रूप अधिक शुद्ध वाटलं तर नवल नाही, साधेपणा आपल्याला लगेच भक्तीसारखा वाटतो. ॲलिस यांच्या खालच्या पट्टीतल्या, न सजवलेल्या आवाजाचा पोत त्यात खरोखरच स्पष्ट ऐकू येतो. तरीही 1982 चं रूप मला श्रेष्ठ वाटतं, आणि त्याचं कारण दाखवता येण्यासारखं आहे. त्यात सिंथेसायझरचा स्वर आवाजामागून लांबलचक मिंडेने वर चढतो आणि कुठल्याही स्थिर स्वरावर न टेकता विरतो. खाली नाम संथपणे तेच ते राहतं. चर्चचा ऑर्गन, जाझमधून आलेली मोकळीक आणि संस्कृत नाम या तिन्हींना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट त्या वर चढणाऱ्या स्वरात आहे, आणि ती काढली की उरतं ते एका थोर बाईचं उत्तम गायन, पण तिने स्वतःसाठी घडवलेली उपासना अर्धी राहते. आश्रमातल्या कुणा साधकाला हे पटणार नाही. त्याने मग 2021 च्या मुद्रणातली अशी एखादी जागा दाखवावी जिथे तो स्वर नसल्यामुळेच काही अधिक घडतं, आणि मी ती पुन्हा ऐकेन.